डावा रॉड, अडीच आटे

माझ्या बायकोला गाडी लागायची. लागायची म्हणजे अशी, की आमचं लग्न लागून गाडी फर्दापूरहून पाचोडला निघाली तेव्हा अजिंठ्याच्या घाटातच नवरीनं मुंडावळ्यांसकट खिडकीबाहेर मान काढली, ती पाचोडच्या वेशीपर्यंत आत घेतली नाही. माझ्या आईनं ओवाळायचं ताट बाजूला ठेवून आधी तिला तांब्याभर पाणी दिलं. पुढं पस्तीस वर्षं घरात कुणी कुठं जायचं म्हटलं की हाच किस्सा निघायचा, आणि सगळ्यात जास्त हसायची तीच. उलट्यांच्या बाबतीत तिनं कधी भेदभाव केला नाही. एसटी, रिक्षा, रेल्वे, जत्रेतला पाळणा, सगळे तिला सारखेच. लिंबू हुंगून झालं, ओवा चावून झाला, पोटावर वर्तमानपत्राची घडी ठेवून झाली. गोळीनं उलटी थांबायची, पण मग ती अशी झोपायची की गाडीतून उतरवायला दोघं लागायचे.

मी वाळूजच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्स फिटर होतो. बंद पडलेलं यंत्र चालू करायचं आणि चालू यंत्र बंद पडू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. बेअरिंग खराब व्हायला लागलंय का हे बघायची आमच्याकडं एक जुनी रीत आहे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि ऐकायचं. चांगलं बेअरिंग गुणगुणतं, बिघडणारं कुरकुरतं. कुठलं बेअरिंग जाणार ते मी महिनाभर आधी सांगायचो. इंजिनिअर लोक मीटर लावून बघायचे आणि शेवटी मलाच विचारायला यायचे. मला याचा गर्व होता. घरात काहीही बिघडलं तरी गवंडी, प्लंबर, डॉक्टर यांच्या आधी मी बघणार, असा माझा हट्टच असायचा.

निवृत्त झालो आणि पडेगावच्या घरात सहा महिने नुसत्या येरझाऱ्या घातल्या. दुरुस्त करण्यासारखं होतं ते सगळं दुरुस्त झालं, चांगलं चालत होतं तेही मी उघडून ठेवलं. बायको वैतागली. तेव्हा माझा एक मित्र आम्हा दोघांना शहरातल्या एका मॉलमध्ये घेऊन गेला. हा मित्र शहागंजात टीव्ही दुरुस्त करतो, आमची तीस वर्षांची ओळख. त्या मॉलमध्ये हलणाऱ्या खुर्च्यांचं छोटं थेटर होतं. पडद्यावरची गाडी वळली की खुर्ची कलायची, गाडी खड्ड्यात गेली की खुर्ची आदळायची. लोक ओरडत होते आणि मी वाकून खुर्चीखाली काय आहे ते बघत होतो. बायको बाहेर बाकावर बसली होती, आतला आवाज ऐकूनच तिला मळमळायला लागलं होतं. बाहेर आल्या आल्या मी दोघांना सांगून टाकलं की हे मी घरी करतो, तेही भंगारातून.

आणि केलं. पडेगावात भंगारवाल्यांना तोटा नाही. एका ठोकलेल्या मोटारीची ड्रायव्हरची खुर्ची आणली. मोडीत निघालेल्या ट्रकच्या वायपरच्या दोन मोटारी आणल्या. चौकोनी पाइपचा पाया वेल्डिंग करून घेतला आणि जीपच्या एका जुन्या सांध्यावर खुर्ची मधोमध टेकवली, म्हणजे ती चारी बाजूंना कलू शकेल. मागच्या अंगाला डावीकडं एक मोटार, उजवीकडं एक, आणि प्रत्येक मोटारीपासून खुर्चीला वर ढकलणारा एकेक लोखंडी रॉड. डावा रॉड वर गेला की खुर्ची उजवीकडं कलते, उजवा गेला की डावीकडं, दोन्ही गेले की पुढं. रॉडच्या टोकाला आटे पाडलेले होते, तिथला नट फिरवून त्याची लांबी कमी-जास्त करता यायची.

विजेचं काम मित्रानं केलं. मोबाइल आडवा धरला की त्यातलं चित्र आडवं होतं, ते ज्या बारक्या वस्तूमुळं होतं तिचाच त्यानं उपयोग केला. मोबाइल गाडीच्या काचेला चिकटवून फिरून आलं, की रस्त्याचं चित्र तर यायचंच, शिवाय गाडी कुठं किती कलली तेही नोंदलं जायचं. घरी टीव्हीवर ते चित्र लावलं की खुर्ची हुबेहूब तशी हलायची. गाड्यांचे खेळ, सिनेमे, सगळं तिच्यावर बसून बघता यायचं. बायको तिला पाळणा म्हणायची. लेकीच्या आधी बापाचाच पाळणा हलला, असं तिनं सगळ्या गल्लीत सांगितलं होतं.

लेक आमची एकुलती, दिलेली चिपळूणला. जावई तिकडच्या एका कारखान्यात आहे. लग्नाला सहा वर्षं होऊन गेली होती आणि दिवाळीच्या सुमारास तिचा फोन आला की दिवस गेलेत, चौथा महिना लागला. तीन महिने तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण आधी दोनदा सांगून रडायची पाळी आली होती. या वेळी तिकडच्या डॉक्टरांनी तिला अंथरुणावरच राहायला सांगितलं होतं. प्रवासाचं नाव काढायचं नाही.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. ते शक्य नाही हे कळल्यावर बायको अर्धा दिवस डबे घासत बसली. मग संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, "लेकीला माहेरी येता येईना, तर माहेरानं जावं. मी जाते."

मी हसलो. चिपळूणला ती आयुष्यात एकदा गेली होती, लेकीचं घर लावून द्यायला. बारा-तेरा तासांचा रस्ता, वर घाट. पोचल्यावर दोन दिवस पडून होती आणि घर लावायचं सोडून लेकच तिला पेज पाजत होती. ते तिच्याही लक्षात होतं. या वेळी मी जाऊन पडून राहिले तर बाळंतीण कोण ते कळायचं नाही, असं तीच म्हणाली. म्हणजे नुसतं पोचून भागणार नव्हतं, हातपाय धड ठेवून पोचायला हवं होतं. तिला दुसरं काहीच नको होतं. बाळ येईल तेव्हा लेकीच्या उशाशी आपण असावं, एवढंच.

आणि तिथं माझ्या डोक्यात ती कल्पना आली. आजही माझी मला चीड येते, पण तेव्हा मला ती फार थोर वाटली होती.

नवं यंत्र कधी एकदम लोडवर घेत नाहीत. आधी रिकामं चालवतात, मग थोडा लोड, मग आणखी थोडा. माणसाचंही तसंच असणार, असं माझं म्हणणं. रोज थोडा थोडा घाट दिला तर शरीराला सवय होईल. मी मित्राची गाडी काढली आणि अजिंठा गावापासून घाट उतरून फर्दापूरपर्यंतचा रस्ता मोबाइलमध्ये भरून आणला. बायकोला गाडी पहिल्यांदा लागली तो हाच रस्ता, आणि तिच्या माहेरचाही. चित्र भरलं चोवीस मिनिटांचं. मी तिला सांगितलं, "ज्या दिवशी या खुर्चीवरून फर्दापूरला उतरशील, त्या दिवशी तू चिपळूणला जायला तयार."

रोज दुपारी चार वाजता, चहाच्या आधी. पहिल्या दिवशी दोन मिनिटं झाली आणि ती मोरीकडं पळाली. दुसऱ्या दिवशीही दोनच. मी शंभर पानी वही घातली. कारखान्यात प्रत्येक यंत्राची वही असायची, कधी काय आवाज आला, काय बदललं, ते सगळं तीत लिहायचं. तसंच इथंही. तारीख, मिनिटं, त्रास काय झाला. माझं अक्षर चांगलं आहे.

सुरुवातीचे ते दोन महिने मी कुणाला देणार नाही. ती पदर खोचून खुर्चीत बसायची, हातात लिंबू, मांडीवर पिशवी, आणि टीव्हीवर घाट सुरू झाला की माझ्यावरच ओरडायची. हळू घ्या, पुढं वळण आहे. त्या वडापाशी आमच्या बैलगाडीचा आस मोडला होता. अहो, तिथं हॉर्न द्यायचा असतो. मी म्हणायचो की मी काही चालवत नाही, बटण दाबून उभा आहे. ती म्हणायची, "व्हय, लगीन झाल्यापास्नं तेवढंच करताय." चार मिनिटं झाली, सहा झाली, संक्रांतीपर्यंत अकरा झाली. अकराव्या मिनिटाला घाटाचं अवघड वळण यायचं. ते पार झालं त्या दिवशी तिनं लेकीला फोन करून सांगितलं की निम्म्यावर आले गं. लेक तिकडं पडल्या पडल्या हसत होती.

संक्रांतीनंतर आठेक दिवसांनी ती म्हणाली की खुर्ची डावीकडं झुकतेय.

मला राग आला. माझ्या हातचं काम वाकडं? मी लेव्हलची पट्टी आणली, जिच्यातला बुडबुडा मध्ये आला की समजायचं वस्तू सरळ आहे. खुर्ची बंद असताना बैठकीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. तिला दाखवला. ती म्हणाली, "तुमचा बुडबुडा काय का सांगंना, मी डावीकडं पडतेय." मी डावी मोटार उतरवली, साफ केली, पुन्हा बसवली. काही फरक नाही. मग दुसरी मोटार आणून घातली. तरी ती डाव्या हातानं खुर्चीची कड घट्ट धरूनच बसायची.

तिसऱ्या दिवशी मी हार मानली. म्हटलं, यंत्र माणसासाठी आहे, माणूस यंत्रासाठी नाही. तिला खुर्चीत बसवलं, पाना घेतला आणि डाव्या रॉडचा नट फिरवायला लागलो. एक आटा. ती म्हणाली, आणखी. दोन आटे. आणखी थोडं. अडीच आट्यांवर ती म्हणाली, "बास. आता सरळ झाली."

मी बघितलं, खुर्ची उजवीकडं चांगली कललेली होती. बुडबुडा पट्टीच्या टोकाला जाऊन बसला होता. आणि तिचा चेहरा मोकळा झाला होता. मी वहीत लिहिलं: डावा रॉड अडीच आटे वाढवला, आता सरळ वाटते. खाली रेघ मारली. मला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली होती.

वाकड्या खुर्चीवर मिनिटं भराभर वाढली. बारा, चौदा, सतरा. दुसरंही बरंच काही होत होतं, आणि ते मला दिसत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. ती सकाळी उठल्या उठल्या उलटी करायला लागली होती. मी म्हटलं, कालच्या खुर्चीचा असर आहे. मान मागून दुखते म्हणायची. मी खुर्चीला मानेपाशी उशी शिवून लावली. चालताना तिचा डावा खांदा चौकटीला घासायचा. वरण वाढताना पळी ताटाबाहेर जायची. मी प्रत्येक वेळी खुर्चीत काहीतरी बदललं. मोटारीचा वेग कमी केला, सांध्याला ग्रीस दिलं, टीव्ही दोन फूट मागं सरकवला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात, ते मी महिनाभर मोठ्या निष्ठेनं केलं.

एका दुपारी मित्र आला होता. बायकोनं त्याला चहा दिला. कप तिनं टेबलावर ठेवला असं तिला वाटलं, पण तो टेबलाच्या बाहेर ठेवला गेला होता. कप फुटला. तिनं हसून गॅसवर पुन्हा आधण ठेवलं. मित्र हसला नाही. ती भिंतीला हात लावत लावत आत गेली, तेही त्यानं बघितलं. निघताना फाटकापाशी मला थांबवून तो हळू आवाजात म्हणाला, "भाई, खुर्ची का कुछ नै. भाभी कू किसी डाक्टर कू दिखाव."

मी त्याला म्हणालो की तू तुझं टीव्हीचं दुकान सांभाळ. तिला मी पस्तीस वर्षं बघतोय, तिला गाडी लागते, बास. तो फाटक लावून निघून गेला. त्यानंतर तो आला नाही आणि मीही फोन केला नाही. तीस वर्षांच्या ओळखीत त्यानं मला पहिल्यांदाच काहीतरी करायला सांगितलं होतं.

एकोणिसाव्या मिनिटावर गाडी अडली. एकोणिसाच्या पुढं ती जाईना. तिकडं लेकीला आठवा महिना लागला होता, म्हणून बायकोनंच तिकीट काढा म्हणून तगादा लावला आणि मी महाशिवरात्रीनंतरच्या रविवारचं काढलं. तिनं बाळंतविड्याची पिशवी भरली. डिंकाचे लाडू, बाळाला गुंडाळायला आपल्या जुन्या मऊ साडीची दुपटी, बाळगुटी. शुक्रवारी सकाळी ती स्वयंपाकघरात पडली. उठवायला गेलो तर उठता येईना, आणि बोलत होती ते जड जिभेनं. मी शेजाऱ्याची गाडी मागितली. त्या गाडीत तिला एकदाही उलटी झाली नाही, हे मला अजून आठवतं.

दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. लहान मेंदूत, डाव्या बाजूला, गाठ होती. तरुण डॉक्टर होता. त्यानं विचारलं, त्रास कधीपासून आहे? मी म्हणालो, आठेक दिवस झाले असतील. तिनं भिंतीकडं तोंड केलं. मग मला एकदम वहीची आठवण झाली. मी त्याला सांगितलं की माझ्याकडं सगळं लिहिलेलं आहे, आणि घरी जाऊन वही घेऊन आलो. खरं सांगायचं तर त्यातही थोडी ऐट होती. असा व्यवस्थित नवरा त्यानं बघितला नसेल, असं मला वाटत होतं.

त्यानं पानं उलटली. काही ओळींखाली त्याचं पेन थांबत होतं. सकाळी उलटी, खुर्चीच्या आधी. मान मागून दुखते. डावीकडं तोल. वरण ताटाबाहेर. प्रत्येक ओळीपुढं तारीख. डावा रॉड अडीच आटे वाढवला, तिथं तो जरा जास्त वेळ थांबला आणि त्यानं मला विचारलं की हे काय? मी समजावून सांगितलं. वाक्य संपायच्या आत मला सगळं कळलं होतं.

मी त्याला विचारलं की महिना-दीड महिना आधी आणलं असतं तर? तो म्हणाला, सांगता येत नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. सांगता येत नाही हे उत्तर घेऊन माणसानं काय करायचं? यंत्राचं सांगता येतं. बेअरिंग वेळेवर बदललं की शाफ्ट वाचतो, हे मी शंभरदा बघितलंय. एकतीस वर्षं लोखंडाला कान लावला आणि जी शेजारी झोपत होती तिला एकदा लावला नाही. नशिबात होतं, असं मला पुष्कळांनी सांगितलं. मी त्यांना चहा पाजला, पण त्यांचं म्हणणं काही मला पटलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिच्या कॉटपाशी बसलो होतो. ती म्हणाली, "खुर्चीचं नव्हतं ते. मला कळत होतं."

मी विचारलं, कधीपासून?

"तुम्ही नट फिरवला तवापास्नं. घरात चालताना बी मी पडायचे, घराला कुठं नट हाय?" तिनं उजव्या हातानं चादर वर ओढली. "दवाखान्यात गेले असते तर त्यांनी ठिवून घेतलं असतं. मग पोरीकडं कोण गेलं असतं? म्हनलं, एवढं बाळंतपण होऊन जाऊ दे."

शेवटची मिनिटं ती डोळे मिटून काढायची, तेही तिनं त्याच दिवशी सांगितलं. मी टीव्हीकडं बघत असायचो, त्यामुळं मला कळायचं नाही.

मला तिचा भयंकर राग आला. आजारी माणसाचा इतका राग येऊ नये, पण आला. तू मला का नाही सांगितलंस, असं मी ओरडणार होतो. मग वाटलं, सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? उजव्या रॉडचाही नट फिरवून बघितला असता. मी तिचा डावा हात हातात घेतला. तो तिला नीट धरता येत नव्हता, म्हणून मीच घट्ट धरून बसलो.

ऑपरेशन झालं. गाठ सगळी निघाली नाही, आणि होती ती वाईट जातीची निघाली. नवव्या दिवशी चिपळूणहून व्हिडिओ कॉल आला. मुलगी झाली होती, दिवस भरायच्या आधी, पोट फाडून, पण दोघी धड होत्या. मी मोबाइल बायकोच्या डोळ्यांपुढं धरला. तिला तोवर एकाच्या जागी दोन दिसायला लागलं होतं. तिनं बराच वेळ बघितलं. तिकडून लेक, दिसतंय का आई, दिसतंय का, असं विचारत होती.

"दिसतंय की," ती म्हणाली. "मला तर दोन दिसतायत. एक तिकडं ठिव आन् एक इकडं दे लावून."

लेक हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी मोबाइल धरून उभा होतो. माझा हात हलत होता, म्हणून बायको म्हणाली की नीट धरा, मला गाडी लागंल.

त्यानंतर ती तीन आठवडे होती. शेवटचे सहा दिवस तिला आमची ओळख नव्हती. लेकीला टाके होते, लेकरू कच्चं होतं, तिला येता आलं नाही. जावई एकटा येऊन गेला. मित्र स्मशानात माझ्या मागं उभा होता, हे मला परतताना कळलं. त्यानं मला घरी सोडलं आणि माझ्या बायकोनं भरलेली बाळंतविड्याची पिशवी दुसऱ्या दिवशी त्यानंच चिपळूणला पाठवली. लाडू तेवढे खराब झाले होते.

खुर्चीवर मी चादर टाकून ठेवली. मित्र एकदा म्हणाला की सरळ करून देतो, कुणाला तरी देऊन टाक. मी नको म्हणालो. कधी कधी दुपारी चार वाजता मी चादर काढून तिच्यात बसायचो, बटण न दाबता. पहिल्यांदा उजवीकडं घसरल्यासारखं व्हायचं. मग हळूहळू सवय झाली.

पावसाळा संपता संपता लेक आली, बाळाला घेऊन. घरात शिरल्यावर तिनं आईच्या फोटोकडं बघितलं आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन डबे लावायला लागली. ती आईसारखीच आहे, रडायचं असलं की कामाला लागते. दुपारी बाळ भुकेनं रडायला लागलं. आमच्या घरात पाठ टेकून बसण्यासारखी मऊ जागा एकच. तिनं चादर काढली आणि खुर्चीत बसली. बाळाला पदराखाली घेतलं. थोड्या वेळानं म्हणाली, "अण्णा, ही एका बाजूला कललीय का? मी उजवीकडं सरकतेय."

मी म्हणालो, "तुझ्या आईला ती सरळ वाटायची."

तिनं माझ्याकडं बघितलं. आईला गाठ होती आणि ती उशिरा कळली, एवढंच तिला ठाऊक होतं. खुर्ची तिला गमतीची गोष्ट म्हणून माहीत होती, अकरा मिनिटं, सतरा मिनिटं, एवढीच. मी कपाटातून वही काढली आणि तिच्यापुढं ठेवली. तोंडानं सांगायची माझी हिंमत नव्हती.

बाळ झोपलं तरी ती वाचत होती. एका हातानं बाळ, एका हातानं पानं. शेवटच्या पानाशी आल्यावर तिनं विचारलं की फर्दापूर कितव्या मिनिटाला यायचं? मी म्हणालो, चोविसाव्या. तिनं शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग वही मिटून म्हणाली, "एवढं सगळं लिहीत होता. एकदा तरी मागचं वाचायचं होतं, अण्णा."

तिनं आवाज चढवला नव्हता. ती बसली होती तिथंच बसून राहिली आणि मी उभा होतो तिथंच उभा राहिलो. बाळ झोपेत तोंड हलवत होतं. बऱ्याच वेळानं लेक उठली, डोळे पुसले आणि म्हणाली, "आता ही सरळ करा. मला हिला घेऊन बसायला लागतं."

मी पाना आणला. इतक्या महिन्यांत नटाला गंज चढला होता, तेल सोडून तो सैल करावा लागला. एक आटा. दोन आटे. अडीच. बैठकीवर लेव्हलची पट्टी ठेवली, मग उचलून हातात घेतली. लेक बाळाला घेऊन पुन्हा बसली, मागं टेकली आणि म्हणाली की आता बरोबर आहे.

पट्टी मी हातात घ्यायच्या आधी बघितली होती. बुडबुडा अगदी मध्ये होता. मला मात्र ती खुर्ची डावीकडं पडताना दिसत होती.